थेरपीवाल्याला नंबर विचारायचा, पण कुठला?

रामबागेत राहणाऱ्या माझ्या आत्याला लकवा मारला (ती स्वतः अर्धांगवायू म्हणते, आम्ही बाकीचे इंदूरवाले लकवाच म्हणतो), तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला एक फिजिओ मुलगा घरी येतो, पाऊण तास व्यायाम करून घेतो आणि जातो. २०२५ च्या सप्टेंबरात टीव्हीवर ती "फिजिओथेरपिस्टने नावापुढे डॉक्टर लावायचं की नाही" भानगड सुरू झाली आणि आत्याचा मला फोन. "अगं, हा आपला डॉक्टर आहे का नाहीये? मी त्याला डॉक्टरसाहेब म्हणते, चहासुद्धा कपबशीत देते!" मी म्हटलं, आत्या, डॉक्टर-बिक्टर सोड, तू त्याला फक्त रजिस्ट्रेशन नंबर विचार. तिने दुसऱ्या दिवशी विचारलं, त्याने आपला मोबाइल नंबर सांगितला आणि तिने तो कॅलेंडरवर लिहून ठेवला. झालं.

माझी नणंद फिजिओ आहे, तिचं आणि तिच्या मैत्रिणीचं सुदामा नगरच्या बाजूला छोटं थेरपी सेंटर आहे आणि तिथलं कागदपत्रांचं सगळं मी बघते, म्हणजे फाइली, रिन्यूअल, सरकारी ऑफिसातल्या चकरा. त्यामुळे हे जे नियमांचं जंगल आहे त्यात रोजचं जाणं-येणं आहे. मी वकील नाही हे आधीच सांगते, पण आत्याला जे समजावलं तेच इथे जरा नीट लिहितेय.

आधी त्या "डॉक्टर"चं काय झालं ते उरकू

एप्रिल २०२५ मध्ये फिजिओथेरपीचा नवा अभ्यासक्रम आला, त्यात लिहिलं होतं की फिजिओथेरपिस्ट नावाआधी "डॉ." लावू शकतो, पण मग नावानंतर "पीटी" (फिजिओथेरपिस्टचंच लघुरूप) लावायचं. डॉक्टर लोकांच्या संघटनांना ते पटलं नाही. ९ सप्टेंबरला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं की फिजिओ म्हणजे मेडिकल डॉक्टर नव्हेत, त्यांनी "डॉ." लावू नये, आणि त्यासाठी आधार दिला १९१६ च्या डिग्र्यांच्या कायद्याचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. लगेच १० सप्टेंबरला दुसरं पत्र, की आधीचं पत्र मागे घेतोय, अजून विचार करावा लागेल. एक दिवस जगलं ते पत्र! पण व्हॉट्सॲपवर पहिलंच पत्र फिरत राहिलं, दुसरं कोणी फॉरवर्ड करत नाही.

माझं मत असं की पेशंटच्या दृष्टीने हे भांडण अगदी दुय्यम आहे. "डॉ." या अक्षरावरून समोरचा काय शिकलाय ते कळत नाही, पीएचडीवालेही लावतात, होमिओपॅथीवालेही लावतात. कळतं ते त्याचं नाव कुठल्या सरकारी वहीत आहे यावरून.

लायसन वेगळं, गाडीची आरसी वेगळी

सगळा गोंधळ इथे होतो. रिक्षात बसलात तर चालवणाऱ्याचं लायसन वेगळं असतं आणि रिक्षाची आरसी आणि परमिट वेगळं. लायसनवाला माणूस बिनपरमिटची रिक्षा चालवू शकतो आणि परमिटवाली रिक्षा कोणाचा तरी बिनलायसनचा भाचा चालवू शकतो, दोन्ही आपण इंदुरात पाहिलंय.

थेरपीतही तसंच. माणसाचं रजिस्ट्रेशन एक, जागेचं रजिस्ट्रेशन दुसरं. सेंटरच्या भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट दिसलं की आपण खूश होतो, पण ते नेमकं कशाचं आहे ते कोणी वाचत नाही. आमच्याकडे येणाऱ्या पालकांपैकीसुद्धा आजपर्यंत दोघांनीच उभं राहून वाचलंय, त्यातले एक रिटायर्ड बँकवाले होते.

माणसांच्या दोन वह्या आहेत, एक नाही

आमच्याकडे एक पाच वर्षांचा मुलगा येतो, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाल्यामुळे स्नायूंवर ताबा कमी. तो आधी माझ्या नणंदेकडे पायांचा व्यायाम करतो, मग ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे चमचा धरायला, बटण लावायला शिकतो, मग बोलण्याची थेरपी आणि शेवटी स्पेशल एज्युकेटरकडे रंग आणि आकडे. एकच मूल, एकच हॉल, मध्ये फक्त पडदे. पण या चौघांपैकी दोघे एका मंत्रालयाच्या हाताखाली आहेत आणि दोघे दुसऱ्या!

पहिली वही जुनी. १९९२ च्या कायद्याने रिहॅबिलिटेशन काउंसिल ऑफ इंडिया झाली, तिला मी पुढे नुसतं "काउंसिल" म्हणेन. ही सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. हिच्यात स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट आणि ऑडिओलॉजिस्ट (कानाने किती ऐकू येतं ते तपासणारे), क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, कृत्रिम हातपाय बनवणारे, शिवाय गावोगाव जाऊन दिव्यांगांसाठी काम करणारे कम्युनिटी बेस्ड रिहॅबवाले, अशा एकूण १६ प्रकारच्या लोकांची नावं असतात. नाव नसताना काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हो, एक हजार. १९९२ मध्ये ती रक्कम मोठी असेल, आज चार जणांनी सराफ्यात (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) जेवून यायचं म्हटलं तरी तेवढे जातात.

दुसरी वही नवी. २०२१ मध्ये संसदेने कायदा केला, नाव लांबलचक आहे, नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स, याला मी "आयोग" म्हणते. हा आरोग्य मंत्रालयाकडे. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, लॅबवाले, एक्स-रेवाले, डोळ्यांचे ऑप्टोमेट्रिस्ट, आहारतज्ज्ञ, डायलिसिसवाले, कम्युनिटी हेल्थचं काम करणारे, पॅलिएटिव्ह केअरवाले (गंभीर आजारात त्रास कमी करणारे) असे पन्नासच्या वर पेशे दहा गटांत घातलेत. त्याआधी देशपातळीवर या लोकांचा एक असा कायदाच नव्हता, प्रत्येक राज्य आपापलं बघायचं. आपल्या मध्य प्रदेशात पॅरामेडिकल काउंसिल होती, फिजिओंची नोंद तिथे व्हायची, काही राज्यांत तेवढंही नव्हतं. आणि कायदा झाला म्हणजे काम झालं असं थोडंच आहे, प्रत्येक राज्याने आपली काउंसिल बसवायची होती आणि राज्यं बसूनच राहिली, शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की दोन महिन्यांत अंमलबजावणी करा.

सायकॉलॉजिस्ट मात्र दोन्ही घरचा पाहुणा. आयोगाच्या यादीत सायकॉलॉजिस्ट आहे, पण तिथेच लिहिलंय की काउंसिलकडचे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सोडून. त्यामुळे "काउंसिलर" अशी पाटी दिसली तर त्या शब्दाचा एकट्याचा काहीच अर्थ लागत नाही. ॲडमिशन करून देणाराही काउंसिलर आणि लग्न वाचवणाराही काउंसिलर.

याचा आपल्याला काय फरक पडतो

फरक आहे तो तासांचा. आयोगाच्या कायद्यात फिजिओसारख्या "हेल्थकेअर प्रोफेशनल"साठी कमीत कमी ३६०० तासांची डिग्री सांगितलीये, तीन ते सहा वर्षांत विभागलेली. टेक्निशियन वगैरे लोकांसाठी निदान २००० तास. आता गल्लीत बोर्ड असतो ना, "सहा महिन्यांत फिजिओ कोर्स, नोकरीची गॅरंटी", त्याचा हिशोब करा. रोज चार तास, आठवड्याचे सहा दिवस धरले तरी सहा महिन्यांत सव्वासहाशे तास होतात. तो मुलगा मनाने चांगला असेल, हातही हलका असेल, पण खांदा निखळलेला आहे का आखडलेला आहे हे ओळखायला तेवढं शिक्षण पुरत नाही. आखडलेल्या खांद्याला व्यायाम देतात आणि निखळलेल्याला तोच व्यायाम दिला तर सत्यानाश होतो.

नव्या अभ्यासक्रमात फिजिओची डिग्री पाच वर्षांची झालीये, एक वर्षाची इंटर्नशिप धरून. आधी साडेचार होती.

नंबर मिळाला, आता त्याचं काय करू?

काउंसिलवाल्यांचं सोपं आहे. त्यांच्या रजिस्टरला सीआरआर म्हणतात, नंबर ए किंवा बी ने सुरू होतो, ए म्हणजे प्रोफेशनल आणि बी म्हणजे त्याखालचे कर्मचारी. काउंसिलच्या वेबसाइटवर टाकला की नाव येतं. नावाबरोबर मुदतही बघा, कारण हे आयुष्यभराचं नसतं, पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि त्यासाठी मधल्या काळात ट्रेनिंग-सेमिनार करून १०० पॉइंट जमवायचे असतात.

इथे आमचीच चूक सांगते. आमच्या स्पीच थेरपिस्टचे पॉइंट कमी पडले, मुदत संपली, तिच्याही लक्षात नाही आणि माझ्याही नाही, आणि मी तारखांची बाई! एका पालकांचा इन्शुरन्सचा क्लेम परत आला, वर लिहिलेलं की थेरपिस्टचं रजिस्ट्रेशन त्या तारखेला चालू नव्हतं. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, फक्त तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायले. तेव्हापासून आमच्या प्रत्येक बिलावर थेरपिस्टचं नाव, नंबर आणि मुदत छापलेली असते.

फिजिओकडे राज्याच्या काउंसिलचा (म्हणजे आयोगाच्या कायद्याखालची, वरची रिहॅबिलिटेशनवाली नव्हे) नंबर मागा. जुन्या पॅरामेडिकल काउंसिलचं सर्टिफिकेट दाखवलं तर तो फसवतोय असं समजू नका, बदलाचा काळ आहे. आणि फिजिओ मंडळींनो, ते जुने कागद जपून ठेवा, नव्या नोंदणीत तेच दाखवावे लागतात.

आता जागेचे कागद

मध्य प्रदेशात १९७३ चा कायदा आहे, त्याचं हिंदी नाव "उपचर्यागृह तथा रुजोपचार संबंधी स्थापनाएं" अधिनियम. रुजोपचार! मी हा शब्द आधी पाहिला तेव्हा वाटलं काहीतरी बी रुजवायचा कायदा आहे. तर नर्सिंग होम आणि क्लिनिकच नाही, फिजिओथेरपीची जागाही यात धरलेली आहे आणि रजिस्ट्रेशन सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी) ऑफिसातून होतं.

दिव्यांगांसाठी संस्था चालवत असाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५० प्रमाणे वेगळं रजिस्ट्रेशन. अर्ज दिल्यावर ९० दिवसांत नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने हो किंवा नाही सांगायचं असतं. याच कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यामुळे थॅलेसेमिया, ॲसिड हल्ला, पार्किन्सन हे सगळे आत आले.

बाकी वायरिंग, फायर, कचरा वगैरे आहेच. कचऱ्यात एवढंच की ड्राय नीडलिंग (दुखऱ्या स्नायूत बारीक सुई टोचणं) करत असाल तर सुया साध्या डस्टबिनमध्ये नाही, पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. स्वच्छतेत नंबर वन शहर म्हणून मिरवतो ना आपण!

यूडीआयडी कार्डाचं (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) जाता जाता सांगते कारण रिसेप्शनवर रोज कोणी ना कोणी विचारतं. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने कार्डाचे तीन रंग झालेत: दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली असेल तर पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. पांढरं आलं म्हणजे अर्ज फेटाळला असं नाही, पण बऱ्याच सरकारी सवलती ४० पासून सुरू होतात हे खरं आहे.

नशामुक्ती केंद्रं कुठल्या वहीत?

यावर जरा थांबते, कारण आपल्या घरांत सगळ्यात कमी बोललं जातं ते यावर.

माझा एक मावसभाऊ आहे. दारू. बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयाचं नाव काढलं की मावशी रडायची, "लोक काय म्हणतील", कारण इंदुरात बाणगंगा म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट येते. मग कोणीतरी शहराबाहेरच्या एका खाजगी नशामुक्ती केंद्राचा पत्ता दिला. रात्री दहाला चार माणसं गाडी घेऊन आली आणि त्याला घरातून उचलून घेऊन गेली. एकवीस दिवस फोन नाही. भेटायला गेलो तेव्हा डोक्यावरून मशीन फिरवलेलं, अंगात केंद्राचा टीशर्ट, आणि मला म्हणाला, "ताई, मी इथे चाळीस जणांच्या पोळ्या लाटतो." मावशीचं म्हणणं होतं की जाऊ दे गं, निदान प्यायचा थांबला.

तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा काय म्हणतो बघा. दारू आणि ड्रग्जच्या व्यसनाशी जोडलेली मानसिक अवस्था त्याच्या व्याख्येत येते, म्हणून अशा लोकांना ठेवून घेणारी जागा ही मानसिक आरोग्य संस्था धरली जाते आणि तिला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. सोसायटी म्हणून रजिस्टर असणं वेगळं, ते तर गणेश मंडळही असतं. नोंदणी नसताना चालवलं तर पहिल्यांदा ५ हजार ते ५० हजार दंड, दुसऱ्यांदा २ लाखांपर्यंत, त्यानंतर ५ लाखांपर्यंत.

आणि आत ठेवलेल्या माणसाचे हक्क? डोकं जबरदस्तीने भादरायचं नाही हे कायद्यात चक्क लिहिलंय. स्वतःचे कपडे घालू द्यायचे. जबरदस्तीने काम करून घ्यायचं नाही आणि केलं तर पैसे द्यायचे. साखळीने बांधायचं नाही. फोन करू द्यायचा, भेटायला येऊ द्यायचं. म्हणजे माझ्या भावाच्या बाबतीत बांधणं सोडून बाकी सगळं मोडलं होतं.

"पण तो स्वतःहून थोडाच जाणार होता?" हा प्रश्न मावशीनेही विचारला आणि खोटा नाहीये. कायद्यात त्याची वाट आहे. रुग्णाने नेमलेला किंवा त्याच्या वतीने धरलेला प्रतिनिधी, बहुतेक वेळा घरचाच, अर्ज करतो, दोन जण स्वतंत्रपणे तपासतात, त्यातला एक सायकिअॅट्रिस्ट असलाच पाहिजे, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असण्याइतकी परिस्थिती गंभीर असेल तर ३० दिवसांपर्यंत ॲडमिट करता येतं. रात्री दहाला गाडी पाठवून उचलणं यात कुठेच बसत नाही. ॲडमिट करताना एकच विचारा: इथे सायकिअॅट्रिस्ट कोण आहे आणि तो किती वाजता येतो? उत्तर देताना समोरचा अडखळला तर चप्पल घाला आणि निघा.

पोराचा रील टाकलात, आईला विचारलंत का?

हे आम्हा सेंटरवाल्यांसाठी. मूल पहिल्यांदा आधाराशिवाय चार पावलं चाललं की सगळ्यांच्या डोळ्यात पाणी असतं आणि कोणाच्या तरी हातात मोबाइल असतो. संध्याकाळपर्यंत रील, खाली सेंटरचा पत्ता. आम्हीही टाकलेत. एका आजीने येऊन विचारलं की बाई, याच्या बहिणीचं लग्न ठरवतोय, हा व्हिडिओ त्या लोकांनी पाहिला, काढता येईल का? त्या आजींचं वागणं बरोबर का चूक हा भाग वेगळा, व्हिडिओ टाकण्याचा हक्क आमचा नव्हता.

२०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिने दिलेत, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या आसपास. मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची पडताळता येईल अशी परवानगी लागेल, आणि ज्या दिव्यांग व्यक्तीला कायदेशीर पालक नेमलाय तिथे त्या पालकाची. मुलांच्या बाबतीतल्या चुकीला दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी ठेवलीये, ती अर्थात आमच्यासारख्यांना बघून ठेवलेली नाही, पण परवानगीचा फॉर्म मी आत्ताच बनवून घेतलाय. त्यात एक ओळ मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरात टाकलीये की नाही म्हटलंत तरी थेरपी तशीच मिळेल.

"एवढे कागद मागाल तर छोटी सेंटरं बंद पडतील"

हे मला माझी नणंदच म्हणते, महिन्यातून एकदा तरी. तिचं अर्धं बरोबर आहे. मोठ्या हॉस्पिटलात कागदांसाठी वेगळा माणूस असतो, आमच्याकडे मीच आणि मी दुपारी पाचवीतल्या लेकाला आणायला जाते. दोन मंत्रालयं, राज्याचा एक जुना कायदा, केंद्राचे तीन-चार, आणि कोणी कोणाशी बोलत नाही, त्याच दोन खोल्यांचा नकाशा आणि त्याच डिग्र्यांच्या झेरॉक्स मी चार ठिकाणी दिल्यात. सरकारला खरंच काही करायचं असेल तर एक खिडकी करा, दंड नंतर वाढवा.

पण उरलेलं अर्धं मला पटत नाही. आमच्या दोन गल्ल्या सोडून ज्याने काहीच न शिकता मशीन लावून शेक द्यायला सुरुवात केली, तो आमच्या निम्म्या पैशात करतो, आणि पेशंट विचारतात की तुम्ही महाग का? नंबर विचारायची सवय लोकांना लागली तर फायदा आमचाच आहे. हे तिला पटतं, मग पुढच्या महिन्यात परत म्हणते.

"नंबर आहे म्हणजे हात चांगला आहे का?"

नाही. लायसनवाल्यांचेही ॲक्सिडेंट होतातच. नंबराने एवढंच होतं की हा माणूस शिकलाय हे कळतं, आणि काही चुकलं तर तक्रार करायला एक दार असतं, जिथे त्याचं नाव खोडलं जाऊ शकतं. बिननंबरवाल्याचं नाव कुठून खोडणार?

हात चांगला आहे का हे आत्याने स्वतः शोधून काढलं. तो मुलगा शेवटी आपलं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फोल्डरात घालून घेऊन आला, जरा लाजतच, साडेचार वर्षांची डिग्री, राज्याची नोंदणी, सगळं व्यवस्थित. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं म्हणाला. आत्याने चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, कॅलेंडरवर त्याच्या मोबाइल नंबरखाली हा नंबरही लिहिला आणि मग विचारलं की सहा आठवडे झाले, माझी मूठ अजून का उघडत नाही, आणि त्याने बसून, कागदावर मेंदूचं चित्र काढून, वीस मिनिटं समजावलं.